आऱ्याच्या लाकडाचा पेन

मंडळी, अंगठा उठवणं सोडून आपण सही करायला शिकलो. बँकेत, सोसायटीत, ग्रामसभेत आता आपण आपलं नाव आपल्या हाताने लिहितो. ज्याने आपण लिहितो तो पेन मात्र कुठून तरी लांबून येतो. पाच-दहा रुपयांना घेतो, शाई संपली की उकिरड्यावर टाकतो.

या पाठात आपण लाकडाचा पेन कसा कातावा, त्यावर नक्षी कशी जडवावी आणि त्याला चकाकी कशी आणावी ते पाहू. लाकूड आपल्या वऱ्हाडातलंच घेऊ. पाठ नीट वाचला तर पेनाबरोबर लाकडाचा स्वभावही समजेल. तो स्वभाव सुताराला, शेतकऱ्याला, सगळ्यांनाच उपयोगी आहे.

जुनी गोष्ट, जवळची गोष्ट

आपले आजोबा-पणजोबा बोरूने लिहीत. बोरू म्हणजे एक प्रकारचा पोकळ वेत. त्याला चाकूने तिरपा काप द्यायचा, टोकाला चीर पाडायची, दौतीत बुडवायचा आणि लिहायचं. बोरू ज्याचा त्याने घरी करावा अशीच रीत होती. पुढे विलायती टाक आले, शाईचे पेन आले, आणि लेखणी ही विकत घ्यायची वस्तू झाली.

आपल्या शेजारी वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ होता. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. १९३५ साली आंध्रातल्या राजमहेंद्री गावच्या रत्नम नावाच्या कारागिराने स्वतः बनवलेला शाईचा पेन कुमारप्पांच्या हाती गांधीजींकडे पाठवला. हा पेन एबोनाइटचा, म्हणजे टणक केलेल्या काळ्या रबराचा, चरकावर कातलेला होता. गांधीजींनी तो वापरून पाहिला. बाजारातल्या परदेशी पेनांच्या जागी हा चांगला चालेल, असं त्यांनी त्याच वर्षी जुलै महिन्यात वर्ध्याहून रत्नमना पत्र लिहून कळवलं. रत्नम यांचे पेन पुढे देशभर नावाजले गेले.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा! शेंडगावला १८७६ साली जन्मले, १९५६ साली वलगावजवळ वारले. स्वतः शाळेत गेले नाहीत. पण गावोगाव कीर्तनात सांगत फिरले की बाबांनो, भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. ज्या मुलखात असा माणूस होऊन गेला, त्या मुलखात लेखणीचं मोल वेगळं सांगायला नको.

लाकूड कोणतं घ्यावं?

पेनाला लाकूड किती लागतं? वीतभर लांब आणि अंगठ्याएवढं जाड. एवढ्यासाठी झाड तोडायचं कारणच नाही. आपल्या राज्यात झाडं तोडण्यावर १९६४ सालचा कायदा आहे. सागाचं झाड आपल्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. मेळघाटच्या जंगलातून तर लाकूड आणायचंच नाही. आपल्याला पडलेलं, मोडलेलं, टाकून दिलेलं लाकूडच पुरे.

पाहा बरं, कुठे कुठे मिळतं ते.

एक, जुन्या बंडीचं चाक. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकं गोठ्यामागे पडली. त्यातले आरे बहुधा बाभळीचे असतात. बाभळीचा गाभा तांबूस, टणक आणि चिवट असतो. एका आऱ्यात दोन-तीन पेन सहज निघतात.

दोन, संत्र्याचं झाड. वरुड-मोर्शीकडे डिंक्या रोगाने झाडं वाळतात, ती तोडून लोक चुलीत घालतात. त्या लाकडाचा रंग फिका पिवळसर, कण बारीक. कातायला फार गोड. बाभळीच्या तांबूस पेनात संत्र्याची पिवळी पट्टी जडवली तर उठून दिसते.

तीन, टेंभुर्णी. हिच्या पानांच्या विड्या होतात हे आपल्याला ठाऊक आहे. जुन्या झाडाच्या पोटातलं लाकूड काळंभोर असतं. सुताराकडे एखादा तुकडा पडलेला मिळाला तर जपून ठेवावा. काळी पट्टी जडवायला तो कामी येतो.

जुन्या लाकडात खिळा राहिलेला असतो. म्हणून आधी त्यावरून लोहचुंबक फिरवावं. कीड लागून पीठ पडत असेल तर तो तुकडा सोडून द्यावा.

लाकूड श्वास घेतं

आता पाठातली मुख्य गोष्ट सांगतो. ही ज्याला समजली त्याचा पेन टिकला.

लाकूड तोडलं तरी त्याचं पाणी पिणं आणि सोडणं थांबत नाही. हवा कोरडी झाली की लाकूड पाणी सोडतं आणि आकसतं. हवा ओली झाली की पाणी घेतं आणि फुगतं. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. रुंदीत, जाडीत आकसतं. ओलं लाकूड पुरतं वाळेपर्यंत रुंदीत शेकडा पाच-दहा भागसुद्धा कमी होऊ शकतं.

हे आपण रोज पाहतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, उन्हाळ्यात त्याच दारातून फट दिसते. बंडीच्या चाकाचं उदाहरण तर सगळ्यांत चांगलं. चाकावर लोखंडाची धाव तापवून बसवतात. वैशाखात चाकाचं लाकूड आकसतं. लोखंड मात्र आहे तेवढंच राहतं. मग धाव ढिली पडते, खडखड वाजू लागते. तेव्हा शेतकरी काय करतो? चाक नदीत, नाल्यात नाहीतर हौदात उभं करतो. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि धाव पुन्हा घट्ट होते.

पेनात याच्या उलट रचना असते. चाकात धातू बाहेर, लाकूड आत. पेनात पितळेची नळी आत आणि लाकूड बाहेर. लाकूड कच्चं असेल तर उन्हाळ्यात ते आकसायला पाहतं. पण आत नळी आहे, ती जागा देत नाही. मग लाकूड काय करणार? उभं तडकणार. चार दिवसांची मेहनत एका चिरेने वाया जाते.

आपल्याकडे तर हा धोका जास्तच. अकोल्याचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो, वारा अंगातलं पाणी शोषून घेतो. आणि दोनच महिन्यांत आषाढात भिंतींना ओल येते. एवढी कोरड आणि एवढी ओल, दोन्ही त्या पेनाने सोसायची असते. म्हणून लाकूड वाळवण्यात घाई करणारा माणूस पुढे कितीही सुंदर काम करो, त्याचं काम फुकट जातं.

वाळलं की नाही, हे वही सांगते

लाकूड वाळलं हे कसं ओळखावं? हाताला कोरडं लागतं म्हणून भागत नाही. वरून कोरडं असतं, पोटात ओल असते. यावर सोपा उपाय आहे. वजन करा आणि लिहून ठेवा.

लाकडाचा एक इंच चौरस आणि सहा इंच लांब असा ठोकळा कापावा. दोन्ही टोकांना मेण लावावं. टोकांतून पाणी फार लवकर उडतं आणि तिथे चिरा पडतात, म्हणून मेण. ठोकळा उन्हात ठेवू नये. घरात सावलीत, वारा खेळेल अशा जागी फळीवर ठेवावा. ठोकळ्यांखाली काड्या घालाव्यात, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागेल.

दर रविवारी वाण्याच्या किंवा सोनाराच्या काट्यावर वजन करावं आणि वहीत उतरवावं. नमुना म्हणून पाहा:

पहिला रविवार – ९८ ग्रॅम
दुसरा रविवार – ९१ ग्रॅम
तिसरा रविवार – ८७ ग्रॅम
चौथा रविवार – ८५ ग्रॅम
पाचवा रविवार – ८४ ग्रॅम
सहावा रविवार – ८४ ग्रॅम
सातवा रविवार – ८४ ग्रॅम

आधी वजन भराभर उतरलं, मग हळूहळू, मग थांबलं. तीन रविवार वजन तेच भरलं की लाकूड वाळलं असं समजावं. प्रत्येक लाकडाला लागणारा वेळ वेगळा. जुन्या आऱ्याला कमी लागेल, ताज्या फांदीला पुष्कळ लागेल. जुन्या आऱ्याचंही वजन करायचंच. तो उघड्यावर पावसात पडलेला असतो हे विसरू नये.

हाच ठोकळा श्रावणात पुन्हा काट्यावर ठेवा. दोन-चार ग्रॅम वाढलेला दिसेल. म्हणजे लाकूड खरोखरच हवेतलं पाणी पितं, हे वहीतले आकडेच दाखवतील. यासाठी पेनाचं मुख्य काम, म्हणजे नळी चिकटवण्याचं काम, कोरड्या दिवसांत करावं. होळीपासून मृग लागेपर्यंतचा काळ चांगला. लाकूड तेव्हा जास्तीत जास्त आकसलेलं असतं. पुढे ते फुगलं तर पेन तडकत नाही. पण फुगलेलं लाकूड चिकटवलं आणि ते पुढे आकसलं, तर तडकतं.

जडाव

लाकडात दुसरं लाकूड किंवा धातू बसवून नक्षी करतात, त्याला जडाव म्हणू. उत्तर प्रदेशात मैनपुरी नावाचं गाव आहे. तिथले कारागीर शिसवीच्या लाकडात पितळेची बारीक तार ठोकून वेलबुट्टी काढतात. त्या कामाला तारकशी म्हणतात. ते कसब यायला वर्षं लागतात. आपण दोन सोपे प्रकार पाहू.

पहिला प्रकार, पट्टीचा. बाभळीच्या ठोकळ्याला करवतीने तिरपा काप द्यावा. काप आरपार नेऊ नये, थोडं लाकूड शिल्लक ठेवावं. म्हणजे दोन्ही भाग जागचे हलत नाहीत. करवतीची चीर जेवढी रुंद, तेवढीच जाड पट्टी संत्र्याच्या लाकडाची काढावी. एक-दीड मिलिमीटर पुरे. पट्टीला डिंक लावून ती चिरेत सरकवावी, शिकंज्यात दाबून एक दिवस ठेवावी. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूने तसाच काप आणि तशीच पट्टी. कातल्यावर या सरळ पट्ट्या वळलेल्या दिसतात आणि एकमेकींत गुंफलेल्या वाटतात.

पट्टी पातळ का ठेवायची? बाभूळ आणि संत्रं सारखं फुगत नाहीत. पट्टी जाड असेल तर पावसाळ्यात तिची कड वर येऊन नखाला लागते. पातळ पट्टीला तेवढा जोर नसतो. दोन्ही लाकडं एकाच जागी, एकाच वेळी वाळवलेली असावीत हेही ध्यानात ठेवावं.

दुसरा प्रकार, पितळेच्या कड्याचा. हे काम पेन कातून झाल्यावर करायचं. टोकदार हत्याराने पेनावर एक मिलिमीटर खोल खाच गोल फिरवून पाडावी. त्यात पितळेचा कीस भरावा. कीस विकत आणायला नको. चाव्या बनवणाऱ्याच्या यंत्राखाली पितळेचा कीस पडलेला असतो, मागितला तर तो देतो. खाच भरली की वरून फेविक्विकचे थेंब सोडावेत. थेंब किसात मुरतो आणि सगळं दगडासारखं घट्ट होतं. मग घासलं की सोन्याचं कडं घातल्यासारखं दिसतं. फेविक्विकची वाफ डोळ्यांना झोंबते. तोंड लांब ठेवावं, दार उघडं ठेवावं, आणि ट्यूब पोरांच्या हाती लागू देऊ नये.

भोक आणि नळी

पेनाचे आतले भाग तयार मिळतात. पितळेच्या दोन नळ्या, टोक, फिरकी, खिशाला अडकवायची पट्टी आणि रिफिल, असा संच शहरातून किंवा टपालाने मागवता येतो. साध्या पेनाची नळी सात मिलिमीटर जाड असते.

ठोकळ्याचे दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा नळीपेक्षा दोन मिलिमीटर लांब असावा. कापण्याआधी पेन्सिलीने दोन्हींवर बाणाची खूण करावी, म्हणजे जोडताना रेषेला रेष मिळते. मग बरोबर मध्यावर सात मिलिमीटरचं भोक पाडावं. घाई नको. थोडं आत जावं, गिरमिट बाहेर काढून भुसा झाडावा, पुन्हा आत जावं. भुसा आत अडकला की लाकूड तापतं, आणि तापलं की फुटतं.

नळी बाहेरून पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावी. गुळगुळीत पितळेला डिंक धरत नाही. नळीच्या तोंडात मेणाचा बूच बसवावा, नाहीतर डिंक आत शिरतो आणि पुढे रिफिल जात नाही. दोन ट्यूबांचा जो डिंक मिळतो, एरल्डाइटसारखा, तो सारखा कालवावा. नळीला लावावा आणि नळी फिरवत फिरवत आत घालावी. एक दिवस हात लावू नये. नंतर मेण काढावं आणि तुकड्याची टोकं कानशीने काटकोनात सपाट करावीत. टोक वाकडं राहिलं तर जोडावर फट दिसते.

कातणे

लाकूड कातण्याच्या यंत्राला कोणी चरक म्हणतं, कोणी खराद म्हणतं. पूर्वी कातारी लोक धनुष्याची दोरी लाकडाला गुंडाळून ते मागेपुढे फिरवीत. एका हाताने दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने आणि पायाने पटाशी धरायची. आता विजेची मोटर असते. लाटणी, बाजेचे पाय, पलंगाचे पाय कातणाऱ्यांकडे असा चरक पाहायला मिळतो. नवशिक्याने आधी त्यांच्याजवळ बसून शिकावं. एकट्याने यंत्राला हात घालू नये.

यंत्र चालू करण्याआधी या पाच गोष्टी वाचा. घरात कोणी ऐकणारं असेल तर मोठ्याने वाचा.

१. गळ्यात दुपट्टा, माळ नको. पदर खोचलेला असावा. सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या असाव्यात. फिरतं लाकूड कापड ओढून घेतं आणि कापडाबरोबर माणसालाही.
२. डोळ्यांवर चष्मा हवा. कपची उडते ती डोळ्याकडेच येते.
३. नाक-तोंड झाकणारी पट्टी हवी, पण ती मागे घट्ट बसलेली. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात गेला तर नाकाचा कर्करोगही होऊ शकतो, असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे.
४. आधी लाकूड हाताने एकदा फिरवून पाहावं. टेकणाला लागत नाही ना, याची खात्री करावी.
५. पटाशी आधी टेकणावर टेकवावी, मग लाकडाला लावावी. याच्या उलट कधीही करू नये.

दोन्ही तुकडे लोखंडी सळईवर ओवून चरकात घट्ट बसवतात. मिनिटाला दीड ते दोन हजार फेरे एवढा वेग पुरतो. गोल पटाशीने आधी चारी कोपरे काढावेत. बाभूळ टणक असते. पटाशी बोथट असेल तर ती कापत नाही, फाडते. जडावाची पट्टीसुद्धा उपटून निघते. म्हणून दर थोड्या वेळाने पटाशी दगडावर लावावी. पातळ पातळ साल काढावी. साल लांब आणि कुरळी निघाली तर धार चांगली आहे. पीठ पडू लागलं तर थांबावं आणि धार लावावी.

पेनाची जाडी शेवटी बोटाला बरी वाटेल एवढी ठेवावी. मध्ये दहा-अकरा मिलिमीटर ठीक होतं. ज्यांच्या हाताला नांगर-वखराची सवय आहे, त्यांना थोडा जाड पेन धरायला सोपा जातो. बाजारचा बारीक पेन अशा हातातून निसटतो. आपला पेन आपण आपल्या हाताच्या मापाचा करू शकतो, हा घरच्या पेनाचा मोठा फायदा आहे.

घासणे आणि चकाकी

पॉलिश पेपर आधी १५० नंबरचा, मग २४०, मग ४००, मग ६०० नंबरचा घ्यावा. नंबर वाढला की कागद बारीक होतो. कुठलाही नंबर गाळू नये. प्रत्येक कागदानंतर यंत्र थांबवून पेन लांबीच्या दिशेने दोन-चार वेळा हाताने घासावा, म्हणजे गोल ओरखडे मोडतात. कागद किंवा चिंधी बोटाला गुंडाळून फिरत्या लाकडाला लावू नये. तुकडा नुसता चिमटीत धरावा.

पितळेचं कडं घासताना काळा भुसा निघतो. तो संत्र्याच्या पिवळ्या पट्टीत शिरला तर पट्टी मळकट होते. म्हणून कडं आणि पट्टी जवळजवळ ठेवू नये. दर वेळी भुसा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.

आता लेप. कोकणात सावंतवाडीला लाकडी खेळणी करतात. तिथले कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. ही लाख एका किड्यापासून मिळते. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर तो लाख तयार करतो.

आपल्याला घरी सोपं म्हणजे जवसाचं तेल. जवस वऱ्हाडात पूर्वीपासून पिकतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, ओलंच राहतं. जवसाचं तेल हवा लागून घट्ट होतं आणि लाकडावर पापुद्रा धरतं. फडक्याने अगदी पातळ हात द्यावा, पंधरा मिनिटं थांबून जास्तीचं तेल पुसून घ्यावं. वाळायला तीन-चार दिवस, थंडी-पावसात आठवडाही लागतो. असे तीन हात द्यावेत. टोकांनाही तेल लावावं. पाणी टोकांतूनच लवकर आत-बाहेर करतं, हे आपण वर वाचलंच आहे.

इथे एक मोठी खबरदारी. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना स्वतःच गरम होतं. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. काडी नको, ठिणगी नको. घरात कापूस, कडबा, तुराट्या असतात. मे महिन्यात अशी आग लागली तर विचारता सोय नाही. काम झालं की चिंधी पाण्यात बुडवावी किंवा उघड्यावर पसरून एकेरी वाळत घालावी.

जास्त चकाकी हवी असेल तर तेल पुरतं वाळल्यावर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन पातळ हात द्यावेत. स्पिरिट लगेच पेटतं, म्हणून चूल आणि विडी दूर.

लेप लाकडाचा श्वास बंद करत नाही, नुसता मंद करतो. म्हणून लेप चांगला दिला की कच्चं लाकूड चालेल, असं समजू नये.

शेवटी टोक, फिरकी आणि पट्टी शिकंज्यात हळूहळू दाबून बसवावी. शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांना लाकडाच्या चिपा लावाव्यात, म्हणजे वण उठत नाहीत. रिफिल घातली की पेन तयार.

पण एवढी खटपट कशाला?

कोणी म्हणेल, "बापा, पाच रुपयात पेन भेटते, मंग हे एवढं कायले?" प्रश्न बरोबर आहे. नुसतं लिहायचंच असेल तर बाजारचा पेन लिहितो. पण दोन गोष्टी पाहा.

पहिली ही की असा पेन टाकून द्यायचा नसतो. शाई संपली की रिफिल बदलायची. लाकूड नीट वाळलेलं असेल तर पेन वर्षानुवर्षं चालतो.

दुसरी गोष्ट पोटापाण्याची. हाताने केलेल्या, जडावाच्या पेनाला शहरात गिऱ्हाईक असतं. लोक तो भेट म्हणून देतात. पण विकायचं असेल तर आधी हिशेब लिहावा. संचाला किती, डिंकाला किती, विजेला किती, फुटून गेलेले किती, आणि आपले तास किती. आपले तास लिहायला लोक विसरतात. जो आपली मजुरी धरत नाही तो फुकट राबतो. पहिले दोन-चार पेन एक उन्हाळा आणि एक पावसाळा स्वतः वापरून पाहावेत. ते तडकले नाहीत, पट्टी वर आली नाही, तरच गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत. विकलेला पेन मे महिन्यात तडकला तर पैसे परत देता येतात, नाव परत मिळत नाही.

बंडीच्या ज्या आऱ्याने चाळीस वर्षं कापसाचे बोजे वाहिले, त्याच्या एका तुकड्याने आता घरातल्या म्हातारीने आपलं नाव लिहावं. वर्षभर त्या लाकडाचं वजन ज्याने वहीत उतरवलं, त्याला तोवर लिहिण्याचा सरावही झालेला असेल.

सांगा पाहू

१. उन्हाळ्यात बंडीच्या चाकाची धाव ढिली का होते? पेन का तडकतो? दोन्हींत सारखं काय आहे?
२. तुमच्याजवळचा एक लाकडाचा तुकडा चार रविवार तोला. तारीख आणि वजन वहीत लिहा.
३. जडावाची पट्टी पातळ का असावी?
४. जवसाच्या तेलाची चिंधी कुठे टाकू नये? का? हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.
५. एका पेनाच्या खर्चाचा हिशेब मांडा. त्यात तुमची मजुरी धरली का, ते पुन्हा तपासा.

शब्द समजून घ्या

आरा – चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचा लाकडी दांडा
धाव – चाकाभोवतीची लोखंडी पट्टी
कातणे – लाकूड फिरवून पटाशीने गोल करणे
जडाव – एका वस्तूत दुसरी बसवून केलेली नक्षी
टेकण – पटाशी टेकवायची चरकाची लोखंडी पट्टी
शिकंजा – वस्तू घट्ट दाबून धरणारं अवजार